भ्रूणनिवड व भ्रूणगोठवण (दिल्ली परिसर)

वंध्यत्वावरील उपचारात प्रयोगशाळेत तयार झालेल्या भ्रूणांपैकी गर्भाशयात सोडण्याजोगा भ्रूण ठरवणे म्हणजे भ्रूणनिवड, आणि उरलेले भ्रूण उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनात राखून ठेवणे म्हणजे भ्रूणगोठवण होय.

फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे पोकळी धरलेल्या पेशीगोलाच्या अवस्थेत आला की त्याची प्रतवारी होते. ‘४एए’ या श्रेणीतील आकडा पोकळी कितपत फुगली ते, पहिले अक्षर गर्भ घडवणाऱ्या पेशीपुंजाची आणि दुसरे वार घडवणाऱ्या बाह्यथराची प्रत दाखवते. मात्र ही पारख रूपावरची असल्याने देखणा भ्रूणही गुणसूत्रांच्या दृष्टीने सदोष निघू शकतो. बाह्यथरातील मोजक्या पेशी काढून केलेल्या जनुकीय तपासणीने थॅलसेमियासारखा आनुवंशिक आजार टाळता येतो, आणि फाळणीनंतर पंजाब-सिंधमधून आलेल्या दिल्लीकर कुटुंबांत या आजाराचे वाहक बरेच असल्याने तेथे तिला विशेष महत्त्व आहे. त्याच तपासणीत लिंगही कळू शकते, पण त्यावरून निवड करणे १९९४ च्या आणि २००३ मध्ये दुरुस्त झालेल्या लिंगनिदानबंदी कायद्याने गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे दिल्लीत ८७१ व हरियाणात ८३४ मुली होत्या, हे पाहता या बंदीची येथे किती गरज आहे ते कळते.

गोठवताना पाण्याचे स्फटिक बनून पेशी फाटू नयेत म्हणून भ्रूण संरक्षक द्रावणात ठेवून क्षणार्धात काचेसारखा थिजवतात. तो बारीक प्लास्टिकच्या काडीच्या टोकावर असतो. काडीवर दाम्पत्याचे नाव व क्रमांक लिहिलेले असतात, आणि नायट्रोजन सतत उडत असल्याने टाकीतील पातळी पट्टीने मोजून भरावी लागते. भ्रूणगोठवण भारतात नवी नाही: कोलकात्याचे डॉक्टर सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच गोठवलेल्या भ्रूणापासून मूल जन्मल्याचे जाहीर केले होते, पण तेव्हाच्या सरकारी समितीने तो दावा फेटाळला.

गोठवलेल्या भ्रूणाचे वय थांबते, दाम्पत्याचे थांबत नाही. २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्यानुसार साठवणीची मुदत दहा वर्षे असून, त्यानंतर भ्रूण नष्ट होऊ द्यावा लागतो किंवा संमतीने संशोधनाला देता येतो. त्याच वर्षीच्या सरोगसी (दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवणे) कायद्याने इच्छुक पत्नीला ५० व पतीला ५५ वर्षांची कमाल मर्यादा घातल्याने आधीच भ्रूण गोठवून बसलेली काही दाम्पत्ये अडकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा लागू होण्यापूर्वी, म्हणजे २५ जानेवारी २०२२ पूर्वी, सरोगसीसाठी भ्रूण गोठवलेल्या दाम्पत्यांना ही वयोमर्यादा लागू होणार नाही, असा निर्णय दिला.