श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान (श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन)

रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना कुटुंबात परत पोहोचवणारी मुंबई उपनगरातील स्वयंसेवी संस्था.

मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांनी 1988 मध्ये बोरिवलीतील आपल्या छोट्या खासगी रुग्णालयात अशा रुग्णांना ठेवून घेण्यास सुरुवात केली. पुढे दहिसर येथे स्वतंत्र केंद्र झाले. 2006 मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळ मोठे केंद्र उभे राहिले. त्यामागे बाबा आमटे यांची प्रेरणा होती (पहा : आमटे, मुरलीधर देवीदास).

संस्थेत येणारे बहुसंख्य रुग्ण छिन्नमनस्कतेने (पहा : छिन्नमनस्कता) ग्रासलेले असतात. भ्रमाच्या भरात मिळेल त्या रेल्वेगाडीत बसून ते परप्रांतात पोहोचतात. केस जटा झालेले, अंगावर जखमा, नाव सांगता येत नाही, अशा अवस्थेत ते सापडतात. अंघोळ, अन्न आणि औषधोपचार यांनंतर काही आठवड्यांत बोलणे सुसंगत होऊ लागते. एखाद्या गावाचे किंवा नदीचे नाव निघते आणि त्यावरून घर शोधले जाते. सामाजिक कार्यकर्ते रुग्णाला घरापर्यंत नेतात, सोबत औषधे देतात आणि हा आजार करणी किंवा भूतबाधा नसून औषधांनी आटोक्यात येतो, हे कुटुंबाला व गावकऱ्यांना समजावतात. खरे जनजागरण येथेच घडते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने भटक्या मनोरुग्णांना संरक्षण देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना 2018 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.