शंभर वर्षं चाललेले पाय

दिंडीचे मालक, विणेकरी, चोपदार यांच्याविषयी जाणत्या मंडळींनी या स्मरणिकेत लिहिलंच आहे. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस, माऊलीच्या कृपेनं कीर्तन करतो. मी फक्त पायांचा इतिहास सांगतो. कारण शंभर वर्षं दिंडी चालली ती पायांवरच.

त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर वाट सुमारे ४५० किलोमीटर. अडीच फुटांचं एक पाऊल धरलं तर सहा लाखांच्या आसपास पावलं होतात. निवृत्तिनाथ महाराजांना गहिनीनाथांची भेट झाली तीसुद्धा ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना, असं परंपरा सांगते. चालणं आपल्या मुळातच आहे.

आजोबांच्या काळी सिन्नर सोडलं की वाट मातीची. बाभळीचा काटा, पावसात काळ्या मातीचा चिखल, बोटांच्या बेचक्यात चिखल्या आणि टाचेला भेगा, ही पायांची दुखणी. काटा सुईनं काढायचा, नाहीच निघाला तर रुईचा चीक लावायचा. भेगांत कोकमाचं तेल पातळ करून सोडायचं. रात्री काशाच्या वाटीनं तळपाय घासायचे. बिब्ब्याचा चटकाही द्यायचे, पण बिब्बा उतला की पाय काट्यापेक्षा जास्त सुजायचा. मुक्कामाच्या गावी बाया न्हाणीत गरम पाणी ठेवायच्या, चर्मकार बांधव वहाणा शिवून द्यायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. त्यांची नावं कुठल्या वहीत नाहीत, म्हणून इथं आठवण करतो.

१९७२ च्या दुष्काळात आमची आई खडी फोडायला जायची. त्या खडीचे रस्ते झाले, पुढं त्यांच्यावर डांबर पडलं. काटे कमी झाले, पण टणक रस्त्यानं दुखणी बदलली. उन्हात डांबर तापतं, चप्पल घासते आणि फोड येतात. फोड लहान असेल तर फोडू नये. फुटलाच तर स्वच्छ पाण्यानं धुवावा, वरची कातडी ओढू नये, पट्टी बांधावी. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, ती बहुतेक तळव्याची शीर ताणल्याची असते. अंथरुणातच पंचा पायाच्या बोटांना अडकवून हळूहळू आपल्याकडं ओढावा, टाचेला मऊ तळाची चप्पल घ्यावी. पाय मुरगळला तर लगेच चोळू नये. थंड पाण्याची पट्टी ठेवावी, पाय उशीवर उंच ठेवावा. टेकवतच नसेल तर डॉक्टरला दाखवावं. कुरूप ब्लेडनं कापू नये. चिखल्या झाल्या तर बेचकं कोरडं ठेवावं, मलम डॉक्टरच्या सल्ल्यानं लावावं.

हे सगळं दुखणाऱ्या पायाचं झालं. दुखतं तेव्हा माणूस थांबतो, बघतो. न दुखणाऱ्या पायाचं सांगायला मला जड जातं.

२०२० आणि २०२१ साली कोरोनामुळं पालखी एस.टी.नं गेली. आपण दोन वर्षं घरी बसलो. २०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली. आपले एक जुने विणेकरी, मला काकांच्या जागी, साखरेचा आजार जुना. चप्पल घालायची नाही हा त्यांचा नेम. करमाळ्याच्या पुढं कुठंतरी त्यांच्या तळव्यात खिळा गेला. त्यांना कळलंच नाही, कारण साखरेनं पायाची जाणीव गेली होती. मी रोज पहाटे त्यांच्या पायांवर डोकं ठेवत होतो. डोळे मिटून ठेवत होतो. पंढरपुरात वास आला तेव्हा तळवा बघितला. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

मी कीर्तनात कितीदा सांगितलं होतं, पाय दुखले तरच वारी खरी. लोक माना डोलवायचे. ते वाक्य मी सोडून दिलं. देहाचे हाल हा देवाचा हट्ट नाही. तो स्वतः विटेवर उभा आहे, खड्यावर नाही.

तेव्हापासून आपल्या दिंडीत संध्याकाळी हरिपाठ झाला की पायांची हजेरी होते. जोडीदारानं जोडीदाराचा तळवा, टाच आणि बेचकी बॅटरीच्या उजेडात बघायची. साखरवाल्यांनी अनवाणी चालायचं नाही. त्यांच्या पायाला रुईचा चीक नाही, बिब्बा नाही, गरम विटेचा शेकही नाही, भाजलं तरी समजत नाही. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा. जखम दिसली की त्याच रात्री वाटेवरच्या दवाखान्यात न्यायचं.

काका आता पालखी निघताना ओट्यावर बसून वीणा वाजवतात. मी पाया पडायला वाकलो की म्हणतात, "आधी बघ, मग डोकं ठेव."

पुढच्या शंभर वर्षांच्या वारकऱ्यांना माझं एवढंच मागणं. आपण एकमेकांच्या पाया पडतोच, तर पडताना डोळे उघडे ठेवा. रामकृष्ण हरी.