वर्ध्याहून दिल्लीस

शाळेतील 'सेवा' आणि 'सर्जन' या सदरांखाली मुलाने कोणता उपक्रम घ्यावा, हा प्रश्न दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील आमच्या घरांतून आता वारंवार ऐकू येतो. आंतरराष्ट्रीय पदविका अभ्यासक्रमात सर्जन, शारीरिक उपक्रम आणि सेवा ही निदान 18 महिने चालवावी लागतात व त्यांची नोंद ठेवावी लागते.

ही कल्पना परदेशी नवलाई आहे, असे आम्हांस वाटत नाही. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि केंद्रस्थानी हस्तव्यवसाय, असे तिने ठरविले. अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन. वर्धा-दिल्ली हा नातेसंबंध असा जुना आहे! पुढे 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' पुरस्कारिले. पुष्कळ ठिकाणी ते मेणबत्त्या व कागदी फुलांवरच थांबले, ते असो.

या प्रवासात मातृभाषा मात्र मागे राहिली. म्हणून मंडळात येणाऱ्या पालकांना आम्ही सुचवितो की, मुलाने रविवारी धाकट्यांना बाराखडी शिकवावी, वृद्धांच्या दिल्लीतील आठवणी लिहून घ्याव्यात. गणपतीच्या आराशीला दिलेली एक संध्याकाळ सेवेत धरता येत नाही, हेही सांगतो. काहींना ते रुचत नाही. एका मुलीने मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांची सूची करावयास घेतली आहे. सध्या ती दुसऱ्या वहीवर आहे.