तळटीप ७ : याकुटाट

७. याकुटाट : अलास्काच्या किनाऱ्यावरील गाव. १९६३ साली वॉल्टर मंक (१९१७–२०१९) व सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून इथपर्यंत सहा ठिकाणी लाटा मोजल्या, त्यांतले हे सर्वांत उत्तरेचे केंद्र. दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा १०,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापून येथे पोहोचल्या. लांब लाटा वेगवान, म्हणून त्या आधी येतात, आखूड लाटा मागाहून. या फरकावरून वादळ किती दूर उठले ते काढता येते. लेखकाने लाटा ‘वाटेत विरल्या’ असे म्हटले आहे, ते मात्र नेमके नाही. ऊर्जेची मोठी घट वादळाच्या आसपासच होते; पुढे लाटा पसरल्याने बुटक्या होतात, पण उरलेली बहुतेक ऊर्जा किनाऱ्यावर फुटतानाच खर्च होते.