क्लबमध्ये राखीव, देशासाठी हिरो : कोण आहे अँगेलोस खारिस्टेआस?

४ जुलै २००४, लिस्बन. युरो कपची फायनल, समोर यजमान पोर्तुगाल. ५७व्या मिनिटाला बासिनासने घेतलेल्या कॉर्नरवर खारिस्टेआसने हेडर मारला आणि ग्रीस १-० ने चॅम्पियन झाला. या स्पर्धेआधी युरो किंवा वर्ल्ड कपमध्ये ग्रीसने एकही सामना जिंकला नव्हता!

ब्रेमेनमध्ये बाकावर

१९८० साली जन्मलेला हा स्ट्रायकर २००२ मध्ये थेसालोनिकीचा आरिस क्लब सोडून जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनकडे गेला. २००३-०४ मध्ये ब्रेमेनने बुंडेसलीगा आणि जर्मन कप दोन्ही जिंकले. पण आयल्टनने त्या लीगमध्ये २८ गोल केले, सोबत क्लास्निचही होता. त्यामुळे खारिस्टेआस बहुतेकदा बदली खेळाडूच राहिला.

मग ग्रीससाठी कसा चमकला?

प्रशिक्षक ओटो रेहागेल यांचा संघ भक्कम बचाव करायचा आणि क्रॉस किंवा कॉर्नरवर संधी साधायचा. सहा फुटांहून उंच खारिस्टेआस त्यासाठी अगदी योग्य होता. त्या युरोत त्याने स्पेन, फ्रान्स आणि पोर्तुगालविरुद्ध गोल केले. त्यातले शेवटचे दोन हेडरने.

पुढे काय झालं?

२००५ मध्ये तो नेदरलँड्सच्या आयाक्सकडे गेला, २००६ मध्ये थेट त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी फेयेनूर्डकडे. नंतर न्यूरेनबर्ग, लेव्हरकुसेन, शाल्के असे क्लब बदलत राहिले. युरो २००८ मध्ये ग्रीसचा एकमेव गोलही त्याचाच.

ग्रीससाठी एकूण ८८ सामने, २५ गोल. क्लबमध्ये जागा पक्की नव्हती, देशाच्या संघात मात्र होती.