संततिनियमनाचा विचार ते सूक्ष्म आरएनए : मुंबईतील प्रजननविज्ञानाची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील संततिनियमनाचा इतिहास बहुधा समाजसुधारणेच्या अंगाने लिहिला जातो. त्यामागील शरीरविज्ञानाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत निबंधात या दोन्ही प्रवाहांचा एकत्रित आढावा घेतला आहे.

सामाजिक प्रवाह :
र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. पनवेलसह तत्कालीन कुलाबा जिल्हा याच मुंबई प्रांतात होता. जे धोरण प्रांतिक विधिमंडळाने नाकारले, तेच स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारले.

वैज्ञानिक प्रवाह :
कर्वे यांच्या काळातील साधने गर्भधारणेस बाहेरून अटकाव करणारी होती. मात्र १९२६-२७ च्या सुमारास स्मिथ व एंगल आणि झोंडेक व आशहाइम यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले की, जननग्रंथींचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी करते. १९५४ मध्ये मुंबईत गर्भनिरोधक साधनांच्या चाचणीचा विभाग स्थापन झाला. त्यातूनच १९७० मध्ये परळ येथे प्रजनन संशोधन संस्था उभी राहिली. तेथे अनिल शेठ यांनी पीयूषिकेतील एफएसएच या संप्रेरकाला आवर घालणाऱ्या इन्हिबिनवर संशोधन केले. अशा रीतीने चाचणीपासून सुरू झालेले कार्य मूलभूत विज्ञानापर्यंत पोहोचले.

नियंत्रणाचा नवा स्तर :
अँब्रोस व रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये सूक्ष्म आरएनएचा शोध प्रसिद्ध केला. त्यास २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे २२ घटकांचा हा रेणू संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती रोखतो. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी मिआर-२००बी व मिआर-४२९ नसलेल्या मादी उंदरांचा अभ्यास केला. हे रेणू नसल्याने झेब१ या प्रथिनाचे प्रमाण वाढते, हे प्रथिन एलएच संप्रेरकाच्या निर्मितीस अडथळा आणते आणि परिणामी अंडोत्सर्ग बहुतांशी थांबतो. म्हणजेच एका अवरोधकाला रोखणारा दुसरा अवरोधक प्रजननक्षमता टिकवून ठेवतो.

निष्कर्ष :
हे निष्कर्ष उंदरांवरील असून त्यांतून लगेच उपचार निघेल, असे मानणे घाईचे ठरेल. तथापि नियंत्रणाचे स्थान साधनाकडून संप्रेरकाकडे आणि संप्रेरकाकडून जनुकीय संदेशाकडे सरकत गेले, हे स्पष्ट होते. नियंत्रण जितके सूक्ष्म, तितके ते सामान्य स्त्रीच्या आकलनापासून दूर जाते. म्हणूनच शास्त्रीय माहिती मातृभाषेतून सर्वांपर्यंत पोहोचविण्याचे कर्वे यांचे कार्य आजही अपूर्ण आहे आणि त्याची जबाबदारी महाविद्यालयीन अध्यापकांवरही येते.