मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचे अंतर किती, वेळ किती?

मुंबई विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण १५ ते १६ तास लागतात. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला बोटीने गेले, तेव्हा हाच प्रवास काही आठवड्यांचा होता. आज आपली अनेक मुलेमुली शिष्यवृत्ती मिळवून त्याच दिशेने निघतात. बहुतेकांच्या घरातला तो पहिलाच परदेश प्रवास असतो, आणि तिकीट काढताना घोळ होतो तो घड्याळाचा.

आधी अंतराचे पाहू. भिंतीवरच्या नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क रेघ मारली तर ती अरबस्तान आणि अटलांटिकवरून जाते. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोचा परिसर, फिनलंड असा वर चढतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून कॅनडात उतरतो. जवळचा रस्ता हाच. विमानाला मात्र तो मिळेलच असे नाही. युक्रेन युद्धामुळे २०२२ मध्ये रशियाने युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना. वळसा पडला की तास वाढतात, इंधन वाढते. परतीचा प्रवास मात्र तास-दीड तासाने लवकर होतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

आता घड्याळ. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची असते आणि पोहोचण्याची न्यूयॉर्कची. समजा, पहाटे २ ला निघून त्याच दिवशी सकाळी ८ ला पोहोच, असे छापले आहे. प्रवास सहा तासांचा वाटतो. पण न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे खरा प्रवास साडेपंधरा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा, इतर वेळी साडेदहा. आणखी एक: पहाटे २ चे विमान म्हणजे आदल्या रात्रीच विमानतळावर पोहोचायचे. तारखेची ही चूक फार महागात पडते.

थेट तिकीट परवडत नसेल तर दुबई किंवा लंडनमार्गे जाता येते. दुबईमार्गे एकूण अंतर सुमारे १२,९५० किलोमीटर, लंडनमार्गे त्याहूनही थोडे कमी, सुमारे १२,७५०. म्हणजे अंतर फारसे वाढत नाही; वेळ खातो तो मधला थांबा. तो तीन तासांचा आहे की अकरा, हे भाडे बघण्याआधी बघावे. त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही तिकीट काढण्यापूर्वीच तपासावे.

पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिले विमान उशिरा आले, तर पुढच्या विमानाची सोय कंपनी करते. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, तर दुसरे विमान चुकल्याचा भुर्दंड आपलाच. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून वेगळ्या तिकिटाने मुंबईला येणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत; देशांतर्गत विमान १ वर उतरले तर सामान घेऊन रस्त्याने २ वर जावे लागते. पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी.